खन्साचं रडणं

सीरियातल्या रक्का शहरात २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'नं बायकांचं एक पोलीस पथक उभं केलं. काळे बुरखे, काळे हातमोजे, काहींच्या खांद्याला बंदुका. काम काय, तर रस्त्यानं जाणाऱ्या इतर बायकांचे बुरखे तपासायचे. कापड पातळ आहे का, डोळे दिसतायत का, सोबत घरचा पुरुष आहे का. चुकलीच एखादी, तर दंड, नाहीतर फटके. पथकाचं नाव होतं अल-खन्सा.

हे नाव ज्यानं सुचवलं, त्याला अरबी कविता अजिबात ठाऊक नसावी, किंवा फारच चांगली ठाऊक असावी.

खन्सा ही सातव्या शतकातली अरबी कवयित्री. मूळ नाव तुमादिर, सुलैम टोळीतली. मुआविया आणि सख्र हे तिचे भाऊ टोळ्यांच्या भांडणांत मारले गेले आणि ती पुढं जन्मभर त्यांच्यासाठी रडत राहिली. तिचं सगळं नाव या रडण्यावर झालं. सूर्य उगवला की मला सख्र आठवतो, मावळला की पुन्हा आठवतो, अशा अर्थाची तिची ओळ अरबी काव्याच्या वाचकाला तोंडपाठ असते. ती मुसलमान झाली, भल्याभल्यांनी समजावलं, तरी शोकाचा वेश तिनं उतरवला नाही, असं परंपरा सांगते.

त्याच परंपरेत आणखी एक गोष्ट आहे. म्हातारपणी तिचे चार मुलगे इस्लामी फौजेकडून लढताना कादिसियाच्या लढाईत पडले. बातमी आली तेव्हा ती रडली नाही. अल्लानं त्यांच्या मरणानं माझा मान वाढवला, त्याचे आभार, असं म्हणाली. ही गोष्ट कितपत खरी, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण अतिरेकी संघटनांनी उचलली ती नेमकी हीच खन्सा. भावांसाठी टाहो फोडणारी गाळली, कोरड्या डोळ्यांची आई तेवढी ठेवली. अल-कायदाच्या सौदी शाखेनं २००४ मध्ये बायकांसाठी इंटरनेटवर मासिक काढलं, त्याचंही नाव अल-खन्सा. गाझातल्या मरियम फरहात यांचे तीन मुलगे इस्रायलशी लढताना गेले. त्यातल्या एकाला २००२ मध्ये हल्ल्याला पाठवण्याआधी त्यांनी त्याच्यासोबत चित्रफीत काढली होती. त्या 'पॅलेस्टाइनची खन्सा' झाल्या आणि २००६ मध्ये हमासच्या तिकिटावर निवडूनही आल्या.

या चळवळींतल्या बायकांबद्दल आपल्याकडे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतं. तिच्या हातात बंदूक होती का? असेल तर ती राक्षसीण. नसेल तर बिचारी, नवऱ्यामागं फरफटत गेलेली. मला हा प्रश्नच कामाचा वाटत नाही. बंदुकीचा नियम या संघटना ऋतू बदलावा तसा बदलत आल्या आहेत. ढळलेला नाही तो नियम रडण्याचा आहे: कुणी रडायचं, कधी, कुणासाठी, आणि कुणी बिलकूल नाही. बाईच्या जागेचा थांग लावायचा असेल, तर तिच्या डोळ्यांवर कुणाची सत्ता आहे ते आधी पाहावं.

बंदुकीचं आधी उरकून घेऊ. हमासच्या १९८८ च्या सनदेत बाईचं काम 'पुरुष घडवणं' असं सांगितलं आहे. जानेवारी २००२ मध्ये वफा इद्रिस या पॅलेस्टिनी तरुणीनं जेरुसलेममध्ये स्फोट घडवला. ती हमासची नव्हती, आणि हमासचे संस्थापक शेख यासीन यांचा तेव्हाचा सूर 'आम्हाला सध्या बायकांची गरज नाही' असाच होता. दोन वर्षं गेली. जानेवारी २००४ मध्ये गाझा-इस्रायल सीमेवरच्या एरेझच्या नाक्यावर रीम रियाशी या दोन लहान मुलांच्या आईनं स्वतःला उडवलं. तिला पाठवणाऱ्यांत हमास होती आणि यासीन समर्थन करत होते. अल-कायदाचे झवाहिरी २००८ मध्ये म्हणाले, आमच्यात बायका नाहीत, त्यांनी मुजाहिदांची घरं आणि पोरं सांभाळावीत. अनेक समर्थक बायका यावर नाराज झाल्या. पुढच्याच वर्षी खुद्द झवाहिरींच्या पत्नीच्या नावानं मुसलमान बहिणींना पत्र निघालं. त्यातही मुख्य सल्ला घर सांभाळण्याचाच होता, पण दार किंचित किलकिलं ठेवलेलं.

'इस्लामिक स्टेट'च्या बायकांच्या गोतावळ्यानं जानेवारी २०१५ मध्ये अरबीत एक जाहीरनामा काढला. त्यात मुलीचं लग्न नवव्या वर्षीही चालेल, सोळा-सतरापर्यंत तर झालंच पाहिजे, आणि बाईचं खरं स्थान घरात, स्थिर, पडद्याआड. लढायला फक्त अपवाद म्हणून, पुरुष कमी पडले आणि फतवा निघाला तरच. इराकमधलं मोसुल जुलै २०१७ मध्ये त्यांच्या हातून गेलं, रक्का ऑक्टोबरमध्ये. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांच्या साप्ताहिकानं लिहिलं की आता बायकांनी लढणं हे कर्तव्यच आहे. धर्मग्रंथ तेच होते, नकाशा तेवढा आकसला होता. नायजेरियात बोको हरामनं तर असल्या शास्त्रार्थाची फिकीरही केली नाही. २०११ ते २०१७ या काळात त्यांनी ४३४ आत्मघाती हल्लेखोर वापरले आणि त्यातल्या निदान २४४ बायका आणि मुली होत्या. बुरख्याखाली बॉम्ब लपतो आणि नाक्यावरचा शिपाई बाईची झडती घ्यायला कचरतो, एवढा साधा हिशेब.

तेव्हा 'इस्लाममध्ये बाईला लढायची परवानगी आहे का' यावर रात्ररात्र वाद घालणाऱ्यांनी थोडं थांबावं. परवानगी काय, ती शेवटी सेनापतीच्या गरजेनं मिळते. श्रीलंकेतल्या एलटीटीईला तर कुठलंच धर्मशास्त्र आड येत नव्हतं, आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरमध्ये राजीव गांधींसमोर हार घेऊन पुढं आली ती बाईच होती.

बाईला पुढं करण्यामागं आणखी एक हेतू असतो आणि तो आपल्याला चटकन कळायला हवा, कारण ती भाषा आपली रोजची आहे. इराकमधल्या अल-कायदाचा म्होरक्या झरकावी यानं २००५ मध्ये एका ध्वनिफितीत विचारलं होतं की पुरुष संपले का, म्हणून आता आम्ही बायकांची भरती करायची? आमच्या बहिणी मरायला तयार होतायत आणि तुम्ही संसारात गुंतलेले, लाज नाही वाटत? त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला त्यानं अम्मानच्या हॉटेलांवर जे हल्लेखोर पाठवले त्यात साजिदा अल-रिशावी होती, नवऱ्याबरोबर. नवऱ्याचा पट्टा फुटला, तिचा फुटला नाही.

झरकावीचं ते वाक्य वाचताना मला तालुक्याच्या गावात पाहिलेला एक मोर्चा आठवला. पाणीटंचाईचा. कचेरीच्या पायरीवर स्टीलच्या ताटात हिरव्या काचेच्या बांगड्या, वर हळदकुंकू, शेजारी खणाचा तुकडा. साहेबांना बांगड्यांचा आहेर. आणि ते ताट पुढं धरणाऱ्या सगळ्या बायकाच, मनगटात तशाच बांगड्या घातलेल्या. आपण ज्या घालतो त्याच वस्तूनं समोरच्याचा अपमान होतो हे त्यांना खटकत नव्हतं, मलाही तेव्हा खटकलं नाही. बॉम्बचा पट्टा बांधलेली बाई हा झरकावीच्या हातातला बांगड्यांचा आहेरच होता. तो इस्रायलसाठी किंवा अमेरिकेसाठी नव्हता, घरी बसलेल्या अरब तरुणासाठी होता. स्त्रीची भूमिका ठरवतात म्हणजे खरं तर पुरुषाला कोंडीत पकडतात.

पुरुषाची ती कोंडी मुंबईनं अगदी जवळून पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री नायर रुग्णालयातल्या खाटेवर पडलेल्या अजमल कसाबला पोलीस प्रश्न विचारतायत, ती चित्रफीत नंतर जगभर दाखवली गेली. पुढं कोर्टात त्यानं जबाब फिरवले, पण त्या रात्री तो सांगत होता ते असं: बापानं आणून सोडलं, म्हणाला, आपण गरीब आहोत, पैसे मिळतील, तुझ्या भावाबहिणींची लग्नं होतील. शंभराहून अधिक माणसं मारून आलेल्या टोळीतला जिवंत हाती लागलेला एकमेव पोरगा, आणि तोंडी विषय बहिणीच्या लग्नाचा. लष्कर-ए-तैयबाच्या कारखान्याला कच्चा माल कुठून मिळतो, हे त्या दोन वाक्यांत आहे. भावानं बहीण उजवायची, बापाचं ओझं उतरवायचं. नाही जमलं तर तो कसला मर्द? हे ओझं लष्करनं तयार केलेलं नाही. ते पाकिस्तानी पंजाबातल्या घराघरात आहे, आपल्या मराठवाड्यातही आहे. लष्करनं त्याच्यावर आपली किंमत लावली.

आणि मग उरते आई. लष्करनं तिच्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढी क्वचितच कुणी घेतली असेल. उम्म हम्माद नावानं लिहिणाऱ्या बाईनं मेलेल्या पोरांच्या आयांच्या हकिकती गोळा करून 'हम माएं लश्कर-ए-तैयबा की' हे तीन भागांचं पुस्तक केलं. मुलगे काश्मीरमध्ये शिरायच्या आधी मृत्युपत्रं लिहून ठेवत, आणि त्यात आईला विनवणी असे: रडू नकोस, माझ्यासाठी मातम करू नकोस, पडदा पाळ, घरातला टीव्ही काढून टाक. बातमी आली की संघटनेची माणसं दारात येत, ती सांत्वनाला नाही, मुबारकबाद द्यायला. मृतदेह नसे, म्हणून गायबाना जनाजा, म्हणजे प्रेताविना नमाज, व्हायची आणि तिथंच पुढच्या भरतीचं भाषण व्हायचं. अशा गर्दीत एखादी आई ओक्साबोक्शी रडली असती, तर काय झालं असतं? भाषण पडलं असतं. शेजारच्या बाईनं आपल्या पोराचा हात घट्ट धरला असता. संघटनेला आईच्या डोळ्यातलं पाणी पोलिसांच्या गोळीपेक्षा महाग पडतं, ते असं.

इथं कुणी म्हणेल, मग वीरमाता आपल्याकडे नाहीत का? आहेत. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी येते तेव्हा 'अमर रहे'च्या घोषणा देणारी गर्दी, आणि टीव्हीवाल्यानं पुढं केलेला माइक, 'दुसराही मुलगा सैन्यात पाठवणार का?' हा प्रश्न विचारणारा. हा प्रश्न मला निर्लज्ज वाटत आला आहे. तोही आईच्या शोकाचा वापरच. पण त्या अंगणात आई पेटीवर कोसळते, बायका तिला धरतात, आणि कुणी तिला गप्प करत नाही. तिथं शोकाला जागा आहे. लष्करच्या गायबाना जनाजात ती पद्धतशीर काढून घेतलेली आहे. फरक थोडा वाटेल, पण राज्याचं सैन्य आणि मरण हाच माल विकणारी टोळी यांच्यातला तो फरक आहे.

यात धर्माचा आधार किती? स्वतः पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम त्यांच्या हातांत गेला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. सोबतच्यांना नवल वाटलं, तेव्हा डोळे वाहतात, मन दुखतं, अशा अर्थाचं ते बोलले. ही हदीस कुठल्याही मौलवीला ठाऊक असते. ऊर बडवून, कपडे फाडून आक्रोश करू नये एवढंच सुन्नी परंपरा सांगते; अश्रूंना ती हात लावत नाही. शिया परंपरेत तर करबलात मारल्या गेलेल्या हुसेनसाठी, पैगंबरांच्या नातवासाठी, रडणं हाच श्रद्धेचा गाभा आहे आणि हुसेनची बहीण झैनब ही शोक करूनच खलिफा यझीदच्या दरबारात सत्तेला जाब विचारते. आपल्याकडे खेड्यांत मोहरमचे ताबूत उठतात, त्यात हिंदू घरांचे नवस असतात. तो शोक साऱ्या गावाचा असतो. 'इस्लामिक स्टेट'नं आणि त्यांच्या जातकुळीच्या पाकिस्तानातल्या टोळ्यांनी मोहरमच्या मिरवणुकांत आणि इमामबाड्यांत बॉम्ब फोडले. सार्वजनिक ठिकाणी मोकळेपणानं रडणारी माणसं त्यांना का सलतात, याचं उत्तर नुसत्या शिया-सुन्नी वादात मला पुरतं सापडत नाही.

बाहेरचे लोकही बाईच्या शोकाशी नीट वागतात असं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात प्रेक्षकांना ओलीस धरणाऱ्या चेचेन हल्लेखोरांत डझनभराहून अधिक बायका होत्या. वृत्तपत्रांनी त्यांना लगेच नाव दिलं, 'काळ्या विधवा'. त्या सगळ्या विधवा होत्या असंही नाही. पण बाईनं बॉम्ब बांधला म्हणजे नवरा मेला असणार, दुःखानं डोकं फिरलं असणार, हे आपल्याला पटायला फार सोपं जातं. पुरुष हल्लेखोराला कुणी 'काळा विधुर' म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्याला राजकारण असतं, तिला फक्त घर.

पुण्यात डिसेंबर २०१५ मध्ये अकरावीतल्या एका मुलीचं प्रकरण उघडकीला आलं. इंटरनेटवरून 'इस्लामिक स्टेट'च्या नादी लागून ती सीरियाला जाण्याच्या गोष्टी करत होती. बातम्यांचा सगळा भर कशावर होता? जीन्स घालणारी मुलगी बुरखा घालू लागली यावर. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं मात्र तिला अटक न करता आई-वडिलांना आणि मौलवींना सोबत घेऊन समुपदेशनाचा मार्ग धरला. सोळा वर्षांच्या मुलीबाबत तो निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. कारण तिनं अजून काही केलेलं नव्हतं.

ज्यांनी केलं त्यांचं काय, हा खरा अवघड प्रश्न. 'इस्लामिक स्टेट'कडे जगभरातून गेलेल्या चाळीसेक हजार लोकांत किमान ४,७६१ बायका होत्या, असा एक अभ्यास २०१८ मध्ये लंडनमधून आला. २०१९ मध्ये ईशान्य सीरियातल्या अल-होल छावणीत ७० हजारांवर माणसं कोंबलेली होती, दहात नऊ बायका आणि मुलं. त्या छावणीतही नकाब काढणाऱ्यांचे तंबू जाळले गेले, खून पडले, आणि हे करणाऱ्यांत बायका होत्या. ब्रिटननं पंधराव्या वर्षी घर सोडून गेलेल्या शमीमा बेगमचं नागरिकत्वच काढून घेतलं. केरळातून २०१६ मध्ये अफगाणिस्तानात गेलेल्या बायकांपैकी चौघी काबूलच्या तुरुंगात होत्या. त्यांना परत आणायचं की नाही हा खल दिल्लीत चालला असतानाच ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले आणि तुरुंगांची दारं उघडली. खटला चालवायची संधी गेली ती गेलीच.

मी म्हणेन, आणा आणि खटले चालवा. हाकलून देणं म्हणजे तिच्या गुन्ह्याचा पुरावा वाळवंटात पुरणं. आणि 'ती बिचारी बायको होती' म्हणून सोडणं म्हणजे तिनं जे केलं त्याला काम न मानणं. कॅन्ससमधून गेलेल्या ॲलिसन फ्लूक-एक्रेननं रक्कात शंभरावर बायका-मुलींना बंदूक आणि बॉम्बपट्ट्याचं शिक्षण दिलं. अमेरिकी न्यायालयानं २०२२ मध्ये तिला २० वर्षांची शिक्षा दिली, आणि तिच्याविरुद्ध उभी राहिली तिचीच मुलगी, जिचं तेराव्या वर्षी रक्कात लग्न लावून दिलं होतं. हा खटला गाजला तो बंदुकीमुळं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जर्मनीतला एक खटला, ज्यात बंदूक जवळजवळ आनुषंगिक आहे.

आरोपी लोअर सॅक्सनीतली जर्मन बाई, धर्म बदललेली. २०१४ मध्ये ती इराकला गेली. फलुजा आणि मोसुलमध्ये ती बागांमध्ये गस्त घालायची, बायकांचे कपडे आणि वागणं तपासायची. महिना ७० ते १०० डॉलर पगार. घरी एक यझिदी, म्हणजे इराकमधल्या एका छोट्या बिगरमुसलमान धर्मपंथातली, बाई आणि तिची पाच वर्षांची मुलगी, नवऱ्यानं गुलाम म्हणून विकत आणलेल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'नं उत्तर इराकातल्या सिंजारमधून ज्या हजारो यझिदी बायका-मुलींना पळवून बाजार मांडला, त्यातल्याच. जिहादीच्या घरात स्त्रीची भूमिका एकच नसते, हे या एका अंगणात दिसतं: एक मालकीण, एक गुलाम, दोघीही बायका.

मुलगी आजारी होती, तिनं गादी ओली केली. शिक्षा म्हणून नवऱ्यानं तिला अंगणात भर उन्हात बांधून ठेवलं. पाणी नाही. आईच्या डोळ्यांदेखत. बायको घरातच होती, तिनं काही केलं नाही. मुलगी तहानेनं मेली. म्युनिकच्या न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या बाईला १० वर्षांची शिक्षा दिली, नंतर फेरसुनावणीत ती १४ झाली. नवऱ्याला फ्रँकफर्टमध्ये जन्मठेप झाली, वंशसंहाराबद्दल. यझिदींच्या बाबतीत जगातली अशी पहिली.

या खटल्यात समोर आलेली एक गोष्ट बातम्यांत एका ओळीत येऊन गेली. मुलगी गेल्यावर आई रडत होती. मालकिणीनं तिच्या डोक्याला पिस्तूल लावलं आणि सांगितलं, रडणं थांबव, नाहीतर गोळी घालीन.

ती आई वाचली. दुभाष्याच्या मदतीनं तिनं म्युनिकच्या कोर्टात अनेक दिवस साक्ष दिली.